फोरॅमच्या कवचांवरून जुन्या समुद्राचे तापमान आणि उत्पादकता कशी काढायची: नाशिकमध्ये काम करणाऱ्यांसाठी सविस्तर पद्धत

नाशिकच्या पायाखाली सगळा लाव्ह्याचा खडक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या बेसाल्टमध्ये समुद्री जीवाश्म नाहीत, त्यामुळे इथल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याची फोरामिनिफेराशी (थोडक्यात फोरॅम, समुद्रातले कवचधारी सूक्ष्म जीव) ओळख बहुधा पुस्तकातल्या चित्रांपुरतीच राहते. तरी हा विषय नाशिकला परका नाही. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी इथल्या बेसाल्टची झीज बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते, आणि जूनमध्ये इगतपुरीच्या घाटावर आदळणारा वारा अरबी समुद्रावरून येतो. दोन्हींच्या नोंदी त्या त्या समुद्राच्या गाळात साठलेल्या आहेत. त्या वाचायच्या तर एकपेशी फोरॅमच्या चुन्याच्या कवचांसारखे साधन नाही. उत्पादकता म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती किती अन्न तयार करतात ते.

या कामाचे दोन भाग पडतात. गाळ धुणे, कवचे वेचणे, ओळखणे, मोजणे आणि आकडेमोड हा पहिला भाग. एक चांगला स्टीरिओ मायक्रोस्कोप आणि चाळण्यांचा संच असेल तर तो नाशिकच्या कोणत्याही महाविद्यालयात होतो. समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू), मूलद्रव्ये आणि कार्बन-१४ ची मोजमापे मोठ्या संस्थांच्या यंत्रांवर होतात. लोकांचे सगळे लक्ष दुसऱ्या भागाकडे असते. चुका मात्र बहुतेक पहिल्या भागात होतात, आणि यंत्र त्या दुरुस्त करत नाही. चुकीची प्रजाती दिली तरी यंत्र तितक्याच अचूकपणे आकडा देते.

आधी प्रश्न ठरवा

"समुद्राचे तापमान" म्हणजे कोणत्या खोलीचे आणि कोणत्या ऋतूचे, हे गाळ हातात घेण्यापूर्वी ठरवायला हवे. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या तरंगत्या फोरॅमची पांढरी जात वरच्या ३० ते ५० मीटर पाण्यात जवळजवळ वर्षभर असते. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उसळते. वारा पृष्ठभागाचे पाणी ढकलतो, त्या जागी खालचे थंड आणि पोषक पाणी वर येते आणि या प्रजातीची संख्या वाढते. म्हणून तिच्या कवचातले तापमान पावसाळ्याचे असते, वर्षाचे नव्हे. नीओग्लोबोक्वाड्रिना ड्युटरट्रेई त्याहून खाली, जिथे तापमान झपाट्याने उतरते त्या थरात राहते. तळवासी सिबिसिडॉइडिस व्युलरस्टॉर्फी समुद्रतळाच्या पाण्याची माहिती देते. रुबर आणि ड्युटरट्रेई यांच्या तापमानांतला फरक घेतला की वरचे पाणी किती ढवळलेले होते ते कळते. ही माहिती अनेकदा एकट्या तापमानापेक्षा मोलाची ठरते.

दुसरा मुद्दा काळाच्या बारकाव्याचा. गाळ हजार वर्षांना ५ सेंटिमीटर साठत असेल तर १ सेंटिमीटरच्या नमुन्यात २०० वर्षे मिसळलेली असतात. शिवाय तळातले किडे वरचे साधारण १० सेंटिमीटर सतत उकरत असतात. अशा कोअरवरून (तळात नळी घालून काढलेल्या गाळाच्या उभ्या स्तंभावरून) ५० वर्षांच्या दुष्काळाबद्दल बोलता येत नाही. तसा प्रश्न असेल तर ऑक्सिजन फार कमी असलेल्या थरातला, उकराउकर न झालेला गाळ शोधावा लागतो. अरबी समुद्रात हा थर साधारण १५० ते १२०० मीटर खोलीवर आहे.

नमुना मिळवणे

हात बसवण्यासाठी खोल समुद्राचा गाळ वाया घालवू नका. त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू, बोर्डीकडे उतरलात की ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा वरचा १ सेंटिमीटर थर चमच्याने खरवडून घ्या. जिवंत प्राणी ओळखायचे असतील तर लिटरभर अल्कोहोलमध्ये २ ग्रॅम रोझ बेंगाल हा रंग मिसळून नमुना त्यात दोन आठवडे ठेवा. जिवंत असलेल्यांचा जीवद्रव्याचा भाग गुलाबी होतो. अमोनिया (हे फोरॅमचे नाव, रसायन नव्हे), एल्फिडियम, नोनियन, क्विन्केलोक्युलिना अशी तळवासी कवचे मिळतील. तरंगत्या प्रजाती इतक्या किनाऱ्यालगत जवळजवळ नसतात, म्हणून या चिखलावरून खुल्या समुद्राचे तापमान काढता येणार नाही. तो सरावासाठीच.

खऱ्या कोअरसाठी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांच्याशी मार्गदर्शकामार्फत पत्रव्यवहार करावा. २०१५ मध्ये आयओडीपी या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ-वेधन कार्यक्रमाच्या ३५५ क्रमांकाच्या मोहिमेने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात यू १४५६ आणि यू १४५७ या जागी कोअर काढले. हिंदी महासागरातले असे कोअर जपानमधल्या कोची येथील भांडारात ठेवतात. केरळातले कोची वेगळे. मागणीपत्रात कोणती खोली, किती घनसेंटिमीटर आणि कशासाठी हे नेमके लिहा. कवचांच्या मोजणीला आणि रसायनाला मिळून १० घनसेंटिमीटर ओला गाळ सहसा पुरतो. त्यातून साधारण ७ ग्रॅम कोरडा गाळ निघतो. अल्कीनोन या सेंद्रिय संयुगांचेही मोजमाप करायचे असेल तर तो भाग वेगळा, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, गोठवलेला मागवा. प्लास्टिकच्या पिशवीतली रसायने त्या मोजमापात शिरतात.

नमुना येईपर्यंत पँजिया हा जर्मन आणि नोआ या अमेरिकी संस्थेचा, अशा ऑनलाइन पुराहवामान संग्रहांतली प्रसिद्ध माहिती मोफत उतरवून खाली दिलेली सगळी गणिते करून पाहावीत.

धुणे

गाळ ४० ते ५० अंश सेल्सिअसवर वाळवा. फ्रीझ-ड्रायर उपलब्ध असेल तर तोच वापरा, कारण ओव्हनमध्ये काळी चिकणमाती भाजल्यासारखी घट्ट होते आणि पुढे फुटत नाही. कोरड्या गाळाचे वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत टिपा. हे वजन राहून गेले तर दर ग्रॅममागची संख्या कायमची गेली. धुण्याआधीच टूथपिकच्या टोकाइतका गाळ कोकोलिथसाठी (सूक्ष्म शैवालांच्या चुन्याच्या चकत्या) छोट्या कुपीत बाजूला काढून ठेवा.

आता गाळ काचेच्या बीकरमध्ये पाण्यात भिजवा. साधा गाळ रात्रभरात सुटतो. डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते, म्हणून नमुना त्यात दिवसेंदिवस ठेवू नका; थोडा वेळ लागणार असेल तर अमोनियाचा एखादा थेंब टाकून पीएच ८ च्या आसपास राखा. चिकट माती सुटत नसेल तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचे सौम्य द्रावण, तेही पीएच ८ ला आणून, वापरा. सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड काही मिनिटे चालते, पण बाटलीतले पेरॉक्साइड आम्लधर्मी असते. ते अल्कधर्मी न करता ओतले तर पातळ भिंतीची कवचे आधी विरघळतात आणि नमुना चुपचाप बदलतो. रसायनासाठीच्या भागावर पेरॉक्साइड या टप्प्यावर वापरूच नका.

६३ मायक्रॉनच्या चाळणीवर गाळ ओता आणि मऊ फवाऱ्याखाली हलक्या हाताने, खालून निथळणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा. बोटाने घासायचे नाही. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी या कामाला चालते. बोअरचे पाणी मात्र टाळा. त्यातला विरघळलेला चुना आणि मॅग्नेशियम वाळताना कवचावर पापुद्रा धरतो. शेवटचे दोन हात डिस्टिल्ड पाण्याचे द्या. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे पाणी फार तर पहिल्या भिजवणीला वापरा. रसायनासाठी अतिशुद्ध पाणीच हवे. चाळणीखाली गेलेले गढूळ पाणी बादलीत धरून निवळू द्या आणि तो बारीक भाग वाळवून ठेवा. डायॅटम (सिलिकाच्या कवचाचे शैवाल), ओपल आणि कोकोलिथ त्यातच असतात. तो मोरीत सोडून दिला की परत मिळत नाही.

दोन नमुन्यांच्या मधे चाळणी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये घाला आणि नंतर मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून धुवा. जाळीत अडकून राहिलेले कवच निळे पडते आणि पुढच्या नमुन्यात दिसले की लगेच ओळखू येते. ही एवढीशी काळजी न घेतल्यामुळे दोन काळांचे गाळ मिसळलेले कितीतरी नमुने पाहायला मिळतात.

वाटणी आणि मोजणी

वाळलेला भाग १५० मायक्रॉनच्या चाळणीतून कोरडा चाळा. तरंगत्या प्रजातींची टक्केवारी १५० मायक्रॉनच्या वरच्या भागातच मोजायची, कारण जगभरची तुलनेची माहिती याच मापावर आहे. १२५ वर मोजून १५० च्या सूत्रात घातले तर लहान प्रजाती फुगतात. तळवासी प्रजातींसाठी अरबी समुद्रात १२५ किंवा ६३ मायक्रॉनही वापरतात, कारण कमी ऑक्सिजनमध्ये राहणारी बोलिव्हिनासारखी कवचे बारीक असतात. एकदा ठरवलेले माप संपूर्ण कोअरसाठी तेच ठेवा.

मायक्रोस्प्लिटरने नमुना अर्धा-अर्धा करत न्या, जोवर साधारण ३०० ते ४०० तरंगती कवचे उरत नाहीत. चमच्याने वरचेवर उचलू नका. मोठी आणि गोल कवचे कडेला घरंगळतात आणि मोजणी एका बाजूला झुकते. समजा ८ ग्रॅम गाळातून १६ वा हिस्सा घेतला आणि त्यात ३२० कवचे निघाली, तर दर ग्रॅममागे ३२० × १६ ÷ ८ म्हणजे ६४० कवचे.

३०० चा आग्रह कशासाठी? एखादी प्रजाती २० टक्के असेल तर ३०० च्या मोजणीत ९५ टक्के खात्रीची चूक साधारण ±४.५ टक्के येते. १०० मोजून थांबलात तर ती ±८ च्या जवळ जाते, आणि १५ वरून २३ वर गेलेला आकडा खरा बदल आहे की नशिबाचा खेळ, हे सांगता येत नाही.

तुकडेही मोजा. विरघळण्याचे मोजमाप त्यातून मिळते. एक कवच फुटून सरासरी ८ तुकडे होतात असे धरून तुकड्यांना ८ ने भागतात आणि एकूणात त्यांचा वाटा काढतात. ३०० पूर्ण कवचे आणि २४० तुकडे असतील तर ३० ÷ ३३० म्हणजे साधारण ९ टक्के. हा आकडा कोअरमध्ये एखाद्या पट्ट्यात अचानक चढला तर तिथल्या तापमानाकडे संशयाने पाहावे. रुबर लवकर विरघळते. ग्लोबोरोटालिया मेनार्डी, ड्युटरट्रेई आणि पुलेनिएटिना टिकून राहतात. नुसत्या विरघळण्यानेही समूहाचे रूप बदलते.

वेचायला काळा, चौकोनी खाने आखलेला ट्रे आणि ०००० क्रमांकाचा ब्रश लागतो. ब्रशचे टोक जिभेवर ओले करण्याची सवय सोडा. लाळेतले घटक रसायनात जातात. मोजणीची कवचे ६० खान्यांच्या स्लाइडवर ट्रॅगाकंथ डिंकाने चिकटवतात. नाशिकच्या पावसाळ्यात त्या डिंकावर बुरशी धरते, म्हणून द्रावणात लवंग तेलाचा थेंब घालावा आणि स्लाइडच्या डब्यात सिलिका जेल ठेवावे. समस्थानिकांसाठी किंवा मॅग्नेशियमसाठी वेचलेल्या कवचांना डिंक अजिबात लावायचा नाही.

ओळख

रुबरच्या शेवटच्या वेटोळ्यात तीन कप्पे असतात. मुख्य तोंड मागच्या दोन कप्प्यांच्या सांध्यावर बरोबर मध्यभागी येते आणि पाठीमागच्या बाजूला दोन जोडतोंडे दिसतात. ट्रायलोबॅटस सॅक्युलिफर तिच्याशी सहज मिसळते, खास करून शेवटचा पिशवीसारखा कप्पा नसेल तेव्हा. तिचे तोंड मध्यभागी नसते आणि भिंत मधाच्या पोळ्यासारखी जाड जाळीची असते. बुलॉइडिसला चार फुगीर कप्पे आणि मोठे, कमानदार, ओठ नसलेले तोंड असते. तोंडाला ओठ दिसला तर ती बहुधा ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिस. या दोघी एकाच रकान्यात गेल्या तर मान्सूनच्या वाऱ्याचा निर्देशांकच खोटा पडतो. ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा पूर्ण गोळा असते, तिची चूक होत नाही.

रुबरच्या दोन रूपांकडे लक्ष द्या. गोलसर, मोठ्या तोंडाचे रूप वरच्या ३० मीटरमध्ये राहते. दबलेले, लहान तोंडाचे रूप जरा खोल. दोन्ही एकत्र दिली तर नमुन्यानमुन्यातला मिश्रणाचा फरकच तापमानाचा चढउतार म्हणून दिसू लागतो. रसायनासाठी फक्त पहिले रूप वेचा.

एक फुकटची खूणही आहे. रुबरची गुलाबी जात हिंदी आणि प्रशांत महासागरातून सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीशी झाली. तुमच्या कोअरच्या वरच्या मीटरमध्ये गुलाबी कवचे सापडली, तर जुना गाळ वर आलेला आहे किंवा चाळणी अस्वच्छ होती.

समूहावरून तापमान

कोणत्या प्रजाती किती टक्के आहेत, यावरून तापमान काढण्याची रीत इम्ब्री आणि किप यांनी १९७१ मध्ये मांडली, आणि क्लायमॅप प्रकल्पाने तीच वापरून शेवटच्या हिमयुगातल्या समुद्राचा नकाशा तयार केला. आज बहुतेक जण आधुनिक साम्य शोधण्याची रीत वापरतात: तुमच्या नमुन्याची आजच्या समुद्रतळावरच्या हजारो नमुन्यांशी तुलना करायची, सर्वांत जवळचे ५ ते १० निवडायचे आणि त्यांच्या जागच्या तापमानांची सरासरी घ्यायची. फोरसेन्स या २०१७ च्या संग्रहात अशा ४,००० हून अधिक मोजण्या आहेत, आणि आर या मोफत प्रणालीतले रिओजा पॅकेज हे गणित करते.

इथे दोन धोके आहेत. पडताळणी करताना शेजारचे नमुने एकमेकांसारखेच असल्याने चूक फसवी कमी दिसते. आपल्या जागेभोवतीचे काहीशे किलोमीटरमधले नमुने वगळून परत चाचणी घ्या. दुसरा धोका अरबी समुद्राचा खास. इथला समूह तापमानापेक्षा अन्नाच्या उपलब्धतेने जास्त बदलतो. पोषक पाणी वाढले की बुलॉइडिस वाढते आणि सूत्र त्याला थंडी समजते. आमचे मत स्पष्ट आहे: अरबी समुद्रात समूहावरून काढलेले तापमान एकट्याच्या बळावर छापू नये.

मॅग्नेशियमचा थर्मामीटर

पाणी जितके उबदार, तितके कवचाच्या कॅल्साइटमध्ये मॅग्नेशियम जास्त शिरते. २५० ते ३५५ मायक्रॉनच्या चाळणीतली रुबरची ५० ते ६० कवचे वेचा, सगळी एकाच मापाची. दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबून प्रत्येक कप्पा उघडेल इतकीच फोडा. भुकटी झाली तर पुढच्या धुण्यात निम्मा माल वाहून जातो. तुकडे मिसळून एक लहान हिस्सा ऑक्सिजनसाठी, उरलेला साधारण ३०० मायक्रोग्रॅम मॅग्नेशियमसाठी ठेवा. दोन्ही मोजमापे एकाच कवचांवर असणे फार महत्त्वाचे आहे.

स्वच्छतेचा क्रम असा. ०.५ मिलिलिटरच्या प्लास्टिक कुपीत अतिशुद्ध पाणी घालून अल्ट्रासॉनिकमध्ये मिनिटभर धरा, गढूळ पाणी लगेच ओढून घ्या. पाणी स्वच्छ राहीपर्यंत चार-पाच वेळा. मग मेथॅनॉलने दोनदा. त्यानंतर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मिसळलेले १ टक्का पेरॉक्साइड २५० मायक्रोलिटर घालून कुपी उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवा, मधे टिचकी मारून बुडबुडे सोडवा, आणि पुन्हा एकदा तेच करा. शेवटी ०.००१ मोलर नायट्रिक आम्लाने ३० सेकंदांची धुणी, पाण्याने खळबळणे, आणि ०.०७५ मोलर नायट्रिकमध्ये विरघळवणे.

चिकणमाती काढणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि गोदावरीच्या मुखापुढचा गाळ असेल तर विशेषच. दख्खनच्या बेसाल्टपासून तयार झालेल्या स्मेक्टाइट मातीत मॅग्नेशियम भरपूर असते आणि ती कप्प्यांच्या आत चिकटून बसते. म्हणून त्याच द्रावणात ॲल्युमिनियम, लोह आणि मँगनीजही मोजून घ्या. लोह आणि मॅग्नेशियमचे मोल गुणोत्तर ०.१ च्या वर गेले किंवा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हातात हात घालून वाढू लागले, तर तो नमुना बाद करून पुन्हा धुवा. काही प्रयोगशाळा धातूंचा लेप काढण्यासाठी आणखी एक क्षपणाची पायरी घेतात. तिने मॅग्नेशियम साधारण १० टक्क्यांनी उतरते, म्हणजे १ अंशाचा फरक. सूत्र ज्या स्वच्छतेवर बांधलेले, तीच स्वच्छता तुमची हवी.

आनंद आणि सहकाऱ्यांचे २००३ चे सूत्र सर्वत्र वापरले जाते: मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर = ०.३८ × ई^(०.०९ × तापमान), गुणोत्तर मिलिमोल प्रति मोलमध्ये. उलट मांडले की तापमान = नैसर्गिक लॉगरिदम (गुणोत्तर ÷ ०.३८) ÷ ०.०९. गुणोत्तर ४.५ असेल तर २७.५ अंश, ३.६ असेल तर २५.० अंश. आता चिकणमातीमुळे ४.५ चे ४.७ झाले असे समजा, तापमान २७.९ वर जाते. ०.२ च्या घाणीने जवळजवळ अर्धा अंश. सूत्राचीच चूक १ अंशाच्या आसपास आहे, तेव्हा दशांशाचा दुसरा अंक छापण्यात अर्थ नाही. खारटपणा वाढला की मॅग्नेशियम थोडे वाढते, पीएच उतरला तरी वाढते, आणि तळावर कवच विरघळू लागले की मॅग्नेशियमने भरलेला भाग आधी जाऊन तापमान खोटे थंड दिसते. तुकड्यांची ती टक्केवारी इथे कामी येते.

ऑक्सिजन समस्थानिके

कवचातला ऑक्सिजन-१८ चा वाटा तापमानावर अवलंबून असतो, आणि पाण्यातल्या ऑक्सिजन-१८ वरही. हा वाटा ठरलेल्या प्रमाण नमुन्यापासून दर हजारी किती वेगळा आहे असा लिहितात, म्हणून आकडा उणेही असतो. पाण्याचा वाटा बाष्पीभवन, पाऊस, नद्यांचे पाणी आणि ध्रुवांवरच्या बर्फाच्या साठ्याने बदलतो. म्हणून एकट्या ऑक्सिजनवरून काढलेले तापमान जवळजवळ नेहमीच चुकते. मॅग्नेशियमचे तापमान घालून पाण्याचा आकडा काढणे हाच शहाणपणाचा उपयोग.

रुबरसाठी तापमान = १४.९ − ४.८० × (कवच − पाणी) हे सूत्र रूढ आहे. कवचाचा आकडा पीडीबी मापावर (चुन्याचा प्रमाण नमुना) आणि पाण्याचा स्मोव मापावर (समुद्रपाण्याचा प्रमाण नमुना) असतो, त्यामुळे सूत्रातून काढलेल्या पाण्याच्या आकड्यात ०.२७ मिळवायचे असतात. हे विसरले की सगळी मालिका एक अंशाहून अधिक सरकते. सरावाला कल्पित आकडे घ्या. आजचे कवच −२.३, तापमान २७.५: पाणी ०.६. हिमयुगातले कवच −०.५, तापमान २५.०: पाणी १.९. शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या साठ्याने सगळ्या समुद्राचे पाणी सुमारे १.० ने जड झाले होते, ते वजा केले की ०.९ उरते. आजच्या ०.६ शी तुलना केली तर ०.३ चा वाढीव फरक स्थानिक आहे: बाष्पीभवन जास्त किंवा गोडे पाणी कमी. बंगालच्या उपसागरात हाच उरलेला आकडा नद्यांच्या पाण्याबद्दल बोलतो.

वय

उत्पादकतेचे गणित वयावर उभे असते, म्हणून ते आधी. कार्बन-१४ साठी एकाच किंवा मिश्र तरंगत्या प्रजातींची साधारण १० मिलिग्रॅम स्वच्छ, तकतकीत कवचे लागतात. भारतात दिल्लीचे इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सलरेटर सेंटर आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा इथे ॲक्सलरेटर पद्धतीने मोजमाप होते. समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो, आणि खालचे पाणी वर येते तिथे आणखी जुना. त्यामुळे आलेले वय मरीन२० या समुद्री नमुन्यांसाठीच्या दुरुस्तीवक्राने आणि स्थानिक दुरुस्ती घालूनच वापरायचे. ही पद्धत ५०,००० वर्षांच्या आसपास संपते. त्यापलीकडे तळवासी कवचांचा ऑक्सिजन आलेख २००५ च्या एलआर०४ या जागतिक आलेखाशी जुळवतात. सिबिसिडॉइडिस आणि युव्हिजेरिना (दोन्ही तळवासी) एकाच मालिकेत घेत असाल तर पहिलीच्या आकड्यात ०.६४ मिळवा.

उत्पादकता

इथे एका निर्देशांकावर भागत नाही. निदान तीन घ्या आणि ते परस्परांपासून स्वतंत्र असू द्या.

पहिला बुलॉइडिसची टक्केवारी. अरबी समुद्राच्या पश्चिमेला, ओमानपुढे, ती मोसमी वाऱ्याच्या जोराशी चांगली जुळते. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ओडीपीच्या (आयओडीपीच्या आधीचा वेधन कार्यक्रम) ७२३ क्रमांकाच्या जागेवरून गेल्या सुमारे ११,००० वर्षांची मान्सूनची कथा याच प्रजातीवर मांडली. पण कोअर अरबी समुद्राच्या उत्तरेचा असेल तर हिवाळ्यातले थंड, कोरडे वारेही पाणी ढवळतात आणि उत्पादकता वाढवतात. तिथे बुलॉइडिस वाढली म्हणजे पावसाळी वारा वाढला असे म्हणता येत नाही. शिवाय टक्केवारी ही बाकीच्या प्रजातींवर अवलंबून असते, म्हणून तिच्या जोडीला साठवणीचा दरही द्या.

दुसरा, तळवासी कवचांच्या साठवणीचा दर. वरून जितके अन्न पडते तितके तळवासी वाढतात. दर = दर ग्रॅममागची संख्या × कोरडी घनता × गाळ साठण्याचा वेग. ४० कवचे, ०.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि हजार वर्षांना ६ सेंटिमीटर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला हजार वर्षांत १६८ कवचे. वयाच्या आलेखात चूक होऊन वेग ६ ऐवजी ९ धरला गेला तर हाच आकडा २५२ होतो, उत्पादकता कणभरही न बदलता. आलेखातल्या उड्या वयाच्या दोन बिंदूंमधल्या सांध्यावर येत असतील तर त्या गणिताच्या आहेत, समुद्राच्या नव्हेत. ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या खोलीवर हा निर्देशांक आणखी नाजूक होतो. तिथे बोलिव्हिना आणि युव्हिजेरिना भरून येतात, पण त्या अन्नाबद्दल सांगतात की गुदमरण्याबद्दल, हे वेगळे करता येत नाही.

तिसरा, कोकोलिथ. बाजूला काढलेल्या गाळाचा किंचित भाग कव्हरस्लिपवर पाण्यात पातळ पसरून वाळवा, काचपट्टीवर चिकटवा आणि ध्रुवित प्रकाशात १००० पट मोठे करून ३०० कोकोलिथ मोजा. फ्लोरिस्फेरा प्रोफुंडा ही प्रजाती प्रकाशाच्या अगदी खालच्या थरात राहते. वरचे पाणी पोषक झाले की वरच्या प्रजाती फोफावतात आणि तिचा वाटा घटतो. मालदीवजवळच्या कोअरवरून बोफोर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलेले सूत्र असे: उत्पादकता = ६१७ − २७९ × लॉग१० (टक्केवारी + ३), उत्तर दर चौरस मीटरला वर्षाला ग्रॅम कार्बन. प्रोफुंडा ६० टक्के असेल तर ११५, ३० टक्के असेल तर १९३. हे सूत्र खुल्या, उष्ण समुद्राचे आहे; किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात प्रकाशच खाली जात नाही, तिथे ते लावू नका.

सेंद्रिय कार्बनही सोबत मोजतात, पण कमी ऑक्सिजनमध्ये तो नुसताच जास्त टिकतो. त्याला चौथ्या क्रमांकाचा साक्षीदार समजा.

वारा वेगळा, पाऊस वेगळा

नाशिकच्या विद्यार्थ्यांकडून इथे एक उडी हमखास घेतली जाते: ओमानपुढे बुलॉइडिस घटली, म्हणून निफाड-येवल्यात दुष्काळ पडला. बुलॉइडिस अरबी समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल बोलते. तो वारा किती बाष्प आणतो आणि ते सह्याद्रीच्या पलीकडे किती पोचते, हे तिला माहीत नसते. गोदावरीच्या खोऱ्यातल्या पावसासाठी गोदावरीच्या मुखापुढचा गाळच पाहायला हवा. पाँटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तिथल्या कोअरमधल्या पानांच्या मेणावरून दाखवले की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत कोरड्या हवेत तग धरणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि नंतरही टिकून राहिल्या. त्याच गाळातल्या रुबरची कवचे समुद्राच्या पाण्याची नोंद देतात. जमीन आणि पाणी एकाच नमुन्यात, एकाच वयावर मिळत असल्याने त्यांच्यात आधी कोण बदलले हा प्रश्न वयाच्या चुकीशिवाय विचारता येतो.

नोंद ठेवणे

तक्त्यात प्रत्येक नमुन्यापुढे कोअरमधली खोली, कोरडे वजन, चाळणीचे माप, वाटणीचा हिस्सा, प्रत्येक प्रजातीची कच्ची संख्या, तुकडे, वेचलेल्या कवचांची संख्या आणि माप, स्वच्छतेची रीत, ॲल्युमिनियम-लोह-मँगनीज आणि वापरलेले सूत्र लिहा. नुसती टक्केवारी आणि तापमान ठेवू नका. सूत्रे दर काही वर्षांनी सुधारतात, आणि कच्चा आकडा असेल तरच जुने काम नव्या सूत्रात घालता येते. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दुसऱ्या व्यक्तीकडून, पहिली मोजणी न दाखवता, पुन्हा मोजून घ्या. बुलॉइडिसमध्ये दोघांचा फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर स्लाइड एकत्र पाहून ओळख जुळवा आणि मगच पुढचा नमुना उघडा.